तेरेखोलच्या पलीकडचे ऑपरेशन

किरणपाण्याला तेरेखोल नदी ओलांडली की आरोंदा. आता पुलावरून गाडी पाहता पाहता पलीकडे जाते आणि राज्य बदलले हे रस्त्याकडेच्या पाट्या वाचल्या तरच कळते. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत मात्र ही देशाची हद्द होती. हरमल, पालये, केरी, मांद्रे या आमच्या गावांतल्या कितीतरी माणसांनी पोटातली गाठ, मूतखडा, मोतीबिंदू असली दुखणी घेऊन होडीतून ही नदी ओलांडली. कागदोपत्री पाहिले तर ती सगळी ऑपरेशनसाठी परदेशी गेली होती.

यंदा मीही जाणार आहे. वजन कमी करण्याचे ऑपरेशन, जठर कापून लहान करतात ते, आणि तेही दुबईत. तयारी सुरू झाली तशा घरात जुन्या प्रवासांच्या गोष्टी निघू लागल्या. मी शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकवला. पेशव्यांच्या मोहिमा मुलांकडून पाठ करून घेतल्या. पण आपल्या पेडणे महालातला आजारी माणूस कुठे जायचा, कसा जायचा, त्याच्या पाठी घर कोण सांभाळायचे, यातले काहीच कुठल्या पुस्तकात नव्हते. ते सासूबाईंच्या तोंडून ऐकले आणि लिहून ठेवले.

पेडणे हा नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर घेतलेल्या मुलखातला, महाल. १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो पोर्तुगिजांकडे गेला. त्याआधी नदीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य होते, त्यामुळे सोयरिकी, देवस्थानांचे मान आणि बाजारहाट सगळे आरोंदा, शिरोडा, रेडीशी जोडलेले. हद्द पडली तरी लेकीबाळींचे माहेर तिकडेच राहिले. आजारी माणसाला घेऊन लोक दक्षिणेकडे पणजीला जाण्याऐवजी उत्तरेला का वळत, याचे पहिले कारण हे.

खरे तर पणजीला वैद्यकीय शिक्षणाची मोठी परंपरा होती. तिथली एस्कोला मेदिको-सिरुर्जिका, म्हणजे वैद्यक आणि शस्त्रक्रियेची शाळा, १८४२ सालची. तिथे शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत, मोझांबिक-अंगोलापर्यंत नोकरीला जात. १९६३ मध्ये याच शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. हा इतिहास वाचताना मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी आतून दुखतेही. समुद्र ओलांडून आफ्रिकेला डॉक्टर पुरवणाऱ्या गोव्यात पेडण्याच्या बाईला सर्जन हाताशी नव्हता. पणजी गाठायची तर चोपड्याला शापोरा नदी आणि बेतीला मांडवी, अशी दोन पाणी होडीने ओलांडावी लागत. वर कचेरीचा सगळा व्यवहार पोर्तुगीजमध्ये. आमच्याकडे मराठी शाळेत चार बुके शिकलेला माणूसही तिथे मुका होऊन उभा राहायचा.

घाटावरच्या मिरजेला तसे नव्हते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये इकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांचे मिरजेचे इस्पितळ उभे राहिले. तीन वर्षांनी त्यांनी तिथेच वैद्यकीय शाळाही काढली. १९२८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, १९३३ मध्ये ते वारले, पण इस्पितळ त्यांच्या नावाने चालू राहिले आणि मिरज-सांगलीच्या मध्ये वानलेसवाडी हे नाव अजून आहे. मिशनचे डॉक्टर मराठी शिकून रोग्याशी बोलत. मिरज रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातून, कोल्हापूरकडून, घाटाखालून माणसे येत. पेडण्यातही मोठ्या दुखण्याला ‘मिरजेक व्हरूंक जाय’, मिरजेला न्यायला हवे, असेच म्हणायचे.

आमच्या सासूबाई मूळच्या पालयेच्या. आम्ही सगळी त्यांना आई म्हणतो. १९५३ च्या कार्तिकात, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या आपल्या आईबरोबर सोबतीण म्हणून मिरजेला गेल्या. त्यांच्या आईच्या पोटात गाठ होती. पोट इतके वाढले की वाड्यावरच्या बायकांनी आधी दिवस गेले असे मानले, मग बाधा झाली असे मानले. रवळनाथापुढे गाऱ्हाणे घातले गेले, देवाला पाकळ्या लावून प्रसाद घेतला. उजवा प्रसाद झाला तेव्हाच घरातल्या मोठ्यांनी जायचे नक्की केले. आजच्या माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला ही अंधश्रद्धा वाटावी, पण आईंच्या सांगण्यातून मला दुसरेच दिसते. प्रसादासाठी सगळे घर आणि चार शेजारी देवळात जमले. एकदा देवाने होकार दिला की नंतर कुणी मागे फिरा म्हणायचे नाही, कुणी बाईला दोष द्यायचा नाही. निर्णयाचे ओझे एकटीच्या डोक्यावरून उतरले.

कार्तिक निवडला तोही विचार करून. पावसात आंबोली घाट भरवशाचा नसे आणि नदीला ओढ फार. भात कापून, मळून घरात आल्याशिवाय पुरुषमाणूस मोकळा होत नसे आणि हातात पैसाही येत नसे. त्यांच्या वडिलांनी पाटल्या गहाण ठेवल्या. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज रुपया चालायचा, एस्कुदो यायला १९५९ उजाडायचे होते. पलीकडे भारतीय रुपया लागणार म्हणून आरोंद्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून बदलून घेतला आणि चोळीच्या आत शिवून टाकला. गाठोड्यात उकडे तांदूळ, सुके बांगडे, सोले, खोबरेल. जकातीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागले आणि शिपायाने बांगड्यांचा वास घेऊन लगेच बांधायला सांगितले, हे आई आजही सांगतात.

आरोंद्याहून सावंतवाडी, तिथून मोटारीने घाट चढून बेळगाव, बेळगावहून रेल्वे. तेरा वर्षांच्या मुलीने रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती आईचे डोके मांडीवर घेऊन. पण मिरजच का? बेळगावातही डॉक्टर होते. आईंचे उत्तर सरळ आहे: त्यांच्या आईचा चुलतभाऊ मिरजेला रेल्वेत होता. त्याच्या खोलीच्या ओटीवर यांची चूल पेटली. त्याची बायको इस्पितळात जायची वाट दाखवायची, डॉक्टरांनी सांगितलेले समजावून सांगायची. ऑपरेशन झाले, गाठ निघाली. आईंना त्या दिवसाचे फारसे आठवत नाही. आठवतो तो लुगड्याला बसलेला इथरचा उग्र वास, आणि मामी सकाळ-संध्याकाळ पातळ पेज करून डब्यातून नेत असे ते.

असे जे जे प्रवास मी गावात विचारले, त्या सगळ्यांत हाच धागा निघाला. मुंबईला गेलेली माणसे गिरगावात कुणाच्या तरी खोलीत उतरली, कारण तिथे पेडण्याचा कोणी गिरणीत किंवा पेढीवर होता. त्या शहरात गोव्याच्या हिंदूंचा जम इतका बसला होता की १९१९ मध्येच त्यांनी गोवा हिंदु असोसिएशन उभारली होती. बेळगावला गेले ते सोयऱ्यांकडे. सर्जनचे नाव माणसे घरी परतल्यावर विचारून घेत. आधी विचारत ते एवढेच, की तिथे आपले कोण आहे. रोग्याची भीती घालवायला त्या काळी औषध नव्हते, होती ती ही व्यवस्था. आणि माझ्या मते ती आजच्या कुठल्याही समुपदेशनाहून कमी नव्हती.

मग वाटा तुटल्या. १९५४ मध्ये भारत सरकारने गोव्यातून येणाऱ्यांना व्हिसा लागू केला. १५ ऑगस्ट १९५५ ला आमच्याच महालात, पत्रादेवीच्या नाक्यावर, सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर दोन्ही देशांचे संबंध तुटले, रेल्वे बंद पडली. गोव्याच्या मुक्तीसाठी हे सोसावे लागले आणि ज्यांनी सोसले त्यांच्यापुढे मी मान लववते. पण त्या वर्षांत पेडण्यात ज्याच्या पोटात दुखू लागले, त्याच्यापुढे नदी होती आणि नदीवर बंदूक होती, हेही कुणीतरी लिहायला हवे.

याच १९५४ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर या सर्जनांनी लठ्ठपणासाठी आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेविषयी लिहिले. माझ्या ऑपरेशनचा वंश तिथून सुरू होतो. त्या पहिल्या पद्धतीत वजन उतरे, पण जुलाब, यकृताचे बिघाड आणि पोषणाची हलाखी होई, म्हणून ती पुढे सोडून द्यावी लागली. १९६० च्या दशकात आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठराचीच लहान पिशवी करून बायपास काढला. १९९४ पासून तो दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून करता येऊ लागला. माझे ऑपरेशन स्लीव्हचे. यात जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. ही पद्धत आधी फार वजनदार रोग्यांसाठी मोठ्या ऑपरेशनची पहिली पायरी होती. कितीतरी जणांना दुसऱ्या पायरीची गरजच पडत नाही असे दिसले आणि ती स्वतंत्रपणे उभी राहिली. काढलेल्या भागात भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक तयार होत असते, त्यामुळे भुकेचा जोरही उतरतो.

हे मी इतके खोलात लिहिते, कारण गावात मला एकच वाक्य ऐकावे लागते: ‘खाणे आवर, कापून कशाला घेतेस?’ सांगणारी माणसे माझ्या जवळची आहेत. त्यांना मी मनापासून सांगते, की मी आवरले आहे. दुसऱ्या बाळंतपणापासून मला मधुमेह आहे. भात सोडला, चालले, वजन उतरले आणि उतरले त्याहून जास्त परत चढले. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलेला निकष असा: बॉडी मास इंडेक्स ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाबासारखा आजार, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आशियाई माणसांसाठी आकडे आणखी खाली धरतात. माझा इंडेक्स ४० च्या पुढे आहे आणि गुडघ्यांनी जिना नाकारला आहे. गाठ झालेल्या आईंच्या आईला कुणी ‘गाठ आवर’ म्हणाले नाही. वजनाच्या रोग्याला मात्र आधी स्वतःचा गुन्हा नाही हे सिद्ध करावे लागते.

दुबई का, हेही सगळे विचारतात. हे ऑपरेशन मुंबईत होते, पुण्यात होते आणि खर्चही तिथे कमी. उलट जगच आपल्याकडे येते. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून ईमान अहमद ही बाई याच कारणासाठी मालवाहू विमानातून मुंबईला सैफी हॉस्पिटलमध्ये आली, तेव्हा वर्तमानपत्रे भरून गेली होती. वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेली ती बाई. सगळ्यांनी तिच्या वजनाचे आकडे वाचले, मी तिच्या उशाशी बसलेल्या बहिणीचा फोटो पाहत राहिले. पुढे तिला अबुधाबीला नेले आणि त्याच सप्टेंबरात ती वारली. परदेशी आजारी पडलेल्या माणसाच्या उशाशी बसणे म्हणजे काय असते, ते त्या बहिणीला आणि तेरा वर्षांच्या आमच्या आईंना ठाऊक.

माझी मुलगी दुबईत नर्स आहे. माझ्या निर्णयाचे कारण एवढेच. ऑपरेशन दीड-दोन तासांचे. नंतरचे आठवडे कुणाच्या घरी काढायचे, घोटघोट पाणी कोण मोजून देणार, रात्री श्वास अडकल्यासारखा वाटला तर कुणाला उठवायचे, हे माझ्यासाठी सर्जनच्या नावापेक्षा मोठे प्रश्न. पालयेची बाई रेल्वेतल्या चुलतभावाकडे गेली, मी लेकीकडे जाते. आता वाटेत आरोंदा नाही. आमच्याच महालात मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आहे, २०२३ च्या जानेवारीपासून तिथून विमाने उडतात. आखाताची वाट आता पेडण्यातूनच सुरू होते.

तयारीचे मात्र पुष्कळ बदलले. रक्ताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, दुर्बीण घालून जठर पाहणे, झोपेत श्वास थांबतो का याची चाचणी, मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणे. ऑपरेशनआधी दोन आठवडे फार कमी पिष्टाचा, कमी चरबीचा आहार. यकृतातली साठवण उतरून ते आक्रसते आणि सर्जनला जठरापर्यंत नीट पोचता येते. आई सगळे कान देऊन ऐकतात. आहारतज्ज्ञ फोनवर सांगत होती तेव्हा त्यांनी मला पेजेविषयी विचारायला लावले. आजारी माणसाला पेज नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते. उत्तर आले, की पेजेच्या निवळीने पोट शांत होईल पण अंग भरणार नाही. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत आणि एवढ्याशा जठरात ती बसवायची तर जागा पेजेला देता येणार नाही. पातळ ताक, डाळीचे गाळलेले पाणी, मग अंडे, मग मऊ मासा, अशा पायऱ्या. जेवताना पाणी प्यायचे नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. आईंनी हे दोनदा विचारून घेतले आणि म्हणाल्या, ‘मग तारल्यांचे तिखले कधी?’ तारल्यांचे हे तिखट कालवण त्यांच्या हातचे मला फार आवडते. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि डोळे भरून आले.

भीती रात्री येते. दिवसा मी ठाम असते. रात्री वाटते, चालत्या-फिरत्या बाईने आपल्या पायांनी टेबलावर जाऊन झोपायचे कशासाठी? जोडाच्या टाक्यांतून गळती होऊ शकते, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. हे धोके थोड्यांना होतात, पण त्या थोड्यांना नावे असतात, घरे असतात. नवऱ्याला उठवून मी हे बोलते. तो दुकान सांभाळणारा माणूस, फार बोलत नाही, पण एकदाही ‘घाबरू नकोस’ म्हणाला नाही. ‘काय काय विचारायचे राहिले ते सांग, वहीत लिहितो’ म्हणतो आणि दिवा लावतो. पहाटे आम्ही दोघे खालच्या वाड्यावरून किनाऱ्यावर उतरतो. रापण ओढणारे नुकते आलेले असतात, परदेशी पाहुणे योगासने करीत असतात, आम्ही डोंगराच्या कडेने गोड्या तळ्याच्या बाजूला जमेल तेवढे चालतो. फुप्फुसे तयार ठेवायची तर चालणे हवे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मनालाही त्याचाच उपयोग होतो.

आमच्याकडे कार्तिकाचे कारण होते तसे आता चतुर्थीचे आहे. चतुर्थीला मूळ घरात सगळे कुटुंब जमते, माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पंचवीस माणसांचे जेवण. ते टाकून जाणे मला शक्य नव्हते आणि ऑपरेशननंतर त्या चुलीपुढे उभे राहणेही नव्हते. म्हणून तारीख दिवाळीनंतरची. मोरजीची नणंद येऊन आईंजवळ राहील. मुलगा म्हापशाच्या कॉलेजात, त्याने भात आणि डाळ करायला शिकून घेतले आहे, हुमणाचे वाटण अजून जमत नाही. आईंनी नणंदेला आपल्या गोळ्यांच्या वेळा स्वतः सांगितल्या. सून आजारी पडायला निघाली म्हणून आपण ओझे व्हायचे नाही, हे त्यांनी मनात घेतले आहे आणि मला ते उमगते.

त्यांनी मला शेवटी सांगितलेली गोष्ट या सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगाची ठरली. मिरजेहून परतताना बैलगाडीच्या धक्क्यांनी त्यांच्या आईची जखम एका टोकाला उकलली. घरी पोचल्या, गाव भेटायला आला, नारळ फुटला आणि आठवड्याने ताप चढला. पलीकडचे डॉक्टर पलीकडेच राहिले. पालयेत जखम उघडून पाहणारे कोणी नव्हते. कुणीतरी सावंतवाडीहून कंपाउंडरला बोलावून आणले, त्याने महिनाभर पट्ट्या बदलल्या म्हणून बाई वाचली. जाण्याची तयारी सगळ्या गावाने केली होती, परत आल्यानंतरची कुणीच केली नव्हती. परदेशी ऑपरेशनचा दुबळा भाग तेव्हाही हा होता आणि आजही हाच आहे. पॅकेज विकणारे विमानाचे तिकीट, हॉटेल, गाडी सगळे देतात, आणि रोगी आपल्या गावी उतरला की त्यांचा फोन लागत नाही, असे अनुभव हरमलात उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांकडूनही मी ऐकले आहेत.

म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी मी म्हापशाच्या एका डॉक्टरांकडे गेले. दुबईच्या सर्जनचे कागद त्यांना दाखवले, त्या दोघांचे एकमेकांशी बोलणे करून दिले. परत येताना लगेच विमानात बसायचे नाही, पायांत घट्ट मोजे घालायचे, गुठळी होऊ नये म्हणून किती दिवस इंजेक्शन, हे दोघांनी मिळून ठरवले. उतरल्यावर रक्त कधी तपासायचे, मधुमेहाची औषधे कोणत्या साखरेला निम्मी करायची, कोणत्या दुखण्याला थेट बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गाठायचे, हे नवऱ्याच्या वहीत त्याच्या अक्षरात आहे. त्या वहीची एक प्रत लेकीकडे, एक नणंदेकडे आणि एक आईंच्या पेटीत गेली आहे.